टाचेशेजारचं भोक

फिनाले, १२ मार्च

प्रिय बाबा,

तुम्हाला, आईला आणि अंगणातल्या फावड्याला नमस्कार.

मी मजेत आहे. पडले नाही, म्हणजे पडले, पण मऊ चिखलात. सायकली मात्र मनासारख्या मिळत नाहीत. दोन्हीकडे स्प्रिंग असलेलीवर खाली मूळ आहे की दगड, कळतच नाही. बॅटरीवालीवर पायांना कामच नसतं. शेवटी भाड्याच्या सायकलींच्या दुकानातली जुनी, मागे स्प्रिंग नसलेली घेतली आणि पाऊस थांबल्या थांबल्या डोंगरातल्या पायवाटेवर घातली. आधी मातीत टाच दाबून ओल बघायची, हे तुम्ही शिकवलेलं विसरले. धीरच नव्हता.

संध्याकाळी वाट सांभाळणारी ओर्नेल्ला आजी दुकानात आली. तिन्ही सायकलींची चाकं तिने वाकून निरखली आणि फावडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "पोरी, ओल्या वाटेवर पडलेला चर तुझ्याच चाकाचा. उद्या सकाळी ये आणि बुजव!" सकाळीच जाऊन बुजवला.

तेव्हापासून मला जिथेतिथे माग दिसतात. धाकट्या तिलेनने, तुम्ही सांभाळता त्या आपल्या गावच्या वाटेचा फोटो पाठवलाय. बर्फ वितळला, अर्धी वाट बाबांनी स्वतः तपासली, असं लिहितो. तुमचा गुडघा अगदी बरा आहे, असं आई फोनवर म्हणते. तुम्ही तर गुडघ्याचं नावच काढत नाही.

पण बाबा, फोटोत तुमच्या प्रत्येक टाचेच्या ठशाशेजारी काठीचं भोक आहे.

शनिवारच्या गाडीने येतेय. उरलेली वाट मी तपासेन. तोवर वर चढू नका, आणि मी आल्यावर काठी लपवू नका.

तुमची चिखलात माखलेली,
नेझा