व्यायामशाळेची जाळी

पनवेल,
१० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप सौ. समीक्षाताईस, दिपिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर भांडण होईल म्हणून पत्र लिहितेय. आमच्या शाळेच्या व्यायामशाळेचा तुझा नकाशा पोचला. तेव्हापासून बाबा तो काखेत मारून गावभर फिरतायत. अशी पोर अख्ख्या पंचक्रोशीत नाय, असं पळस्प्याच्या चहावाल्यालाही सांगून झालं. व्यायामशाळेसाठी कमिटीचे उंबरे झिजवले मी, कबड्डीच्या पोरी उन्हात घडवल्या मी, आणि कौतुक पुण्याहून नकाशा पाठवणारीचं! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. भूमिपूजनाला बायका तुझी ओटी भरणार आहेत. मी बिनलग्नाची, घरातलीच. मला नारळ आणायला सांगितलंय. हो, जळतेय मी.

आता कामाचं. सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत तू गुडघ्यापासून वर जाळी ठेवलीस. वारा येईल, खरंय. पण त्याच जाळीला डोळे लावून गावातली टवाळ पोरं उभी राहतील. मैदानावर हेच चालतं, म्हणून माझ्या दोन पोरींच्या आयांनी त्यांना खेळायला पाठवणं बंद केलं. मनात आलं होतं, गप्प बसावं, बांधू द्यावं आणि तुझी फजिती बघावी. पण खेळायचंय माझ्याच पोरींना.

बाबांचा सगळा लोभ तुलाच आहे. तुझा थोडा मला असू दे.

तुझी,
दिपिका

पुणे,
१९ जानेवारी २०२५

चि. दिपिकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. वाऱ्याचा विचार केला, बघणाऱ्यांचा नाही. आता डोक्याच्या वरपर्यंत सगळी भिंत बंद, जाळी त्याच्याही वर. उंच भिंतीला जोर यावा म्हणून ब्लॉकच्या पोकळीत सळ्या घालून काँक्रीट भरायचं. नवा नकाशा सोबत आहे, तो बाबांच्या हाती न देता थेट कमिटीला दे.

जळण्यात मीही मागे नाही. तुझ्या पोरी बाई, बाई करत तुझ्यामागे धावतात. मी आखलेल्या इमारतीत पुन्हा गेले तर वॉचमन मलाच नाव विचारतो. ओटीचा त्रास नको, मी भूमिपूजनालाही येत नाही आणि उद्घाटनालाही. नारळ तूच फोड.

राग गिळ, वेळेवर जेव आणि माया आटू देऊ नकोस.

समीक्षा

पनवेल,
४ डिसेंबर २०२५

ती. ताईस सा. न.

व्यायामशाळा उभी राहिली. बिनप्लॅस्टरच्या भिंती बघून शेजारच्या गोदूकाकूंनी काम अर्धवट राहिलं का, असं विचारलं. आयांनी घरी बसवलेल्या त्या दोघी पोरीही खेळायला परत आल्यात. काल पोरींचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता आणि बाहेरच्याला दिसत काही नव्हतं. दारात उभी राहून मी रडले गं.

तेवढ्यात बाबा पाहुण्यांना घेऊन आले. वर बोट करून सांगू लागले की पोरींवर कुणाची नजर पडू नये म्हणून आमच्या समीक्षानं जाळी वर घेतली, बाईमाणसाचं दुखणं तिलाच कळलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी सुकलं!

ताई, रविवारी उद्घाटन आहे. ओटी भरून घे, नारळ फोड, फोटोत मधोमध उभी राहा, पण ये. आणि ती जाळी माझी, हे बाबांना तुझ्या तोंडानं सांग. मी सांगितलं तर जळते म्हणतील.

वाट बघणारी,
दिपिका