बेचाळीस नंबरचा खिळा

कार्तिक शु. १३

आजवर या दोन हातांनी केलेले, आठवले तसे: घराचं दार चौकटीसकट, एकही खिळा न मारता. विहिरीचे रहाट दोन. देवीच्या देवळातली दानपेटी. सोनाराचा तराजू, गुंजेचा फरक दाखवणारा. सौ.चा अडकित्ता. शाळेचं घड्याळ (दुरुस्ती, पण आतली अर्धी चाकं नवी, म्हणून धरतो). कुलुपं एकेचाळीस. आणि आज मंगरूळच्या तहसिलीत पोचती केलेली मतपेटी, सागाची, पितळी पट्ट्यांची. तिचं कुलूप नं. ४२.

शिकवलं कोणी नाही. बाप कामरगावचा, नांगर धरणारा. अकराव्या वर्षी एक तुटकं विलायती कुलूप सापडलं. उघडलं एका दुपारी, परत जोडायला सात महिने लागले. तेवढीच शाळा.

पेटी दिल्लीच्या वरच्या कौन्सिलीसाठी. नागपूरची कौन्सिल वेगळी, ही थोरली. हिला मत द्यायचा हक्क फक्त मोठा सारा भरणारांना. तालुक्याच्या यादीत नावं अठरा. सौ. म्हणाली, "अठरा कागदं तं माह्या मिठाच्या डब्यात मावतीन. तुमी दोन मैने सागवान घासत बसले."

नायब तहसीलदारांपुढे कुलूप तीनदा उघडून, लावून दाखवलं. किल्ली आधी अर्धा फेरा उलटी, मग सुलटी. खोलीत ते, त्यांचा कारकून आणि मी. मग कबुलायत वाचून दाखवली. किल्ल्या दोनच, दोन्ही सरकारजमा, तिसरी केलेली नाही, करणार नाही. कारकून अंगठ्याची डबी पुढे सारत होता. मी दौत मागितली. सही ठसठशीत आली.

कार्तिक पौर्णिमा

दर पुनवेला भिंतीच्या फळीवर नंबरवार खिळ्यांना टांगलेल्या नमुन्यांना तिळाचं तेल. आजही बोळा घेऊन एकपासून सुरू केलं. बेचाळीसशी हात थांबला.

प्रत्येक कुलपाचा एक नमुना मी घरी ठेवतो. बावीस वर्षांची रीत. आधी नमुना कापायचा, त्यावरून गिऱ्हाइकाच्या किल्ल्या. कोणाची हरवली तर कुलूप फोडावं लागू नये. नमुना मला कधी किल्ली वाटलाच नाही. कानस, हातोडी, तसा नमुना. पण कुलपात घातला तर तो फिरतो, आणि कुलूप उघडतं.

म्हणजे तिसरी आहे. माझ्या भिंतीवर, नंबर घातलेली. सहीची शाई वाळून दोन दिवस झाले.

उद्या जाऊन सांगतो.

व. १

गेलो नाही. साहेब दौऱ्यावर.

खोटं लिहिलं. साहेब कचेरीत होते, दारातून दिसले. मीच तहसिलीसमोरच्या लिंबाच्या झाडापासून वळलो. सांगितलं तर पेटी परत, आणि पेटीबरोबर नाव. लोक म्हणतील, कुणब्यानं लोहारकी केली ती अशी. आणि खोट्या सहीला सजा किती, ते माहीत नाही. विचारावं तरी कोणाला? विचारणाराच पकडला जातो.

व. ३

दुपारी दिवाणजी आला. रावसाहेबांचा. रावसाहेब म्हणजे इथल्या कापसाच्या जिनाचे मालक, वरच्या कौन्सिलीला उभे आहेत. समोर एक वकील उभा आहे, दुसरा कोणी नाही.

दिवाणजी जिनाच्या फाटकाचं कुलूप अडकतं म्हणून घेऊन आला होता. माझ्याच हातचं, नं. १९. फळीपुढे बराच वेळ उभा.

"मिस्तरी, अर्ध्या मंगरुळाचे दारं तुमच्या भिताडावर लटकून राह्यले! चोर झाले असते तं राजे असते आज."

"चोर नाई झालो म्हनून तं लोक ठेवू देतेत."

"आन् हे बेचाळीस कायचं?"

"येका पेटीचं."

"कोन्त्या पेटीचं?"

"लाकडाच्या."

हसला. पाणी मागितलं. सौ. कापूस वेचायला गेलेली. मी आत जाऊन तांब्या भरला, राखेनं घासलेला पेला शोधला. तेवढाच वेळ लागला. त्यानं दोन घोट घेतले, बाकी अंगणात ओतलं आणि गेला.

कुलूप उघडून पाहिलं. बिघाड काही नाही. आत चिमूटभर माती कोंबलेली.

व. ५

आसेगाव. पाटलांच्या धान्याच्या खोलीला कुलूप बसवायचं होतं. पाटील यादीतल्या अठरांपैकी एक. वय सत्तरीच्या पुढे. मला लहानपणापासून अरे-तुरे करतात.

मी चौकटीला भोक पाडत होतो. ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मधेच म्हणाले,

"नारायणा, मत मी वकिलाले देनार हाय."

"पाटील, मले काहून सांगता?"

"तुले नाई तं कोनाले सांगू? पेटी तुह्या हातची. पोराले सांगतलं तं तो आजच जिनात जाऊन पाय धरते." मग सुपारीचं खांड तोंडात टाकून, "माहा सारा कापूस रावसायबाच्या जिनात जाते. त्याले कळलं तं माह्या गाड्या फाटकावर उभ्या सडतीन. तीस साल त्याले होय-होय करत आलो. येक डाव कोनाले न कळता नाई म्हनून पाहाव वाटते."

"आन् कळलं तं?"

"कसं कळीन? तूच म्हनतं न, तुह्या कुलपाले बापाची पन ओळख नाई."

असं मी म्हटलं होतं. गेल्या साली, त्याच खाटेवर बसून, फुशारकीनं.

वांग्याची भाजी, भाकर वाढली. अर्धी भाकर तशीच ठेवून उठलो. भोकही अर्धा सूत तिरपं पडलं. माझं भोक तिरपं कधी पडत नाही.

व. ६

नमुना आज मोडायचाच, म्हणून उजेडात घेतला. दुसऱ्या दाताच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी. नखानं थोडं काढून वास घेतला. मेण.

माझ्या नमुन्यांना तिळाचं तेल. मेण मी घरात आणत नाही.

दिवाणजीचा पाण्याचा पेला. तेवढ्यात ठसा घेतला.

सौ.ला सगळं सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती. हात थांबवला नाही.

"मोडून टाका. लोखंडच हाय."

"मोडून काय? ठसा तं गेला."

"मंग सांगून या."

"सही केली हाय मी."

"सही मोठी का तुमी मोठे?"

नमुना मोडला नाही. उरलेलं मेण दातात तसंच ठेवलं, फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या खालच्या मडक्यात. मेण माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार. आणि तेच माझ्या विरुद्धही.

व. ८

दिवाणजी आला. या वेळी कुलूप नाही. चौरंगावर न विचारता बसला.

"आमच्या लोहारानं येक किल्ली केली. झाली बेस. पन कारकून म्हने कुलपात काई उलटं-सुलटं हाय. आधी उलटं का आधी सुलटं, ते त्याले समजलं नाई. तुमी पाठ करून उभे होते म्हने."

म्हणजे कारकूनही त्यांचा.

"काय कराचं हाय पेटीले?"

"कागदाले हात नाई लावाचा, मिस्तरी. देवाची आन. फकस्त पाहाचं. पाठीमागं नंबर असते, यादीवरून मानूस कळते. आपला कोन, दुसऱ्याचा कोन, इतलंच. कोनाचं मत बदलत नाई, कोनाचं काई चोरीले जात नाई."

मग रक्कम बोलला. ती इथे लिहीत नाही. लिहिली तर वाचत बसेन.

त्यानं मान वळवून फळीकडे पाहिलं.

"खिळा रिकामा दिसून राह्यला."

"साफ कराले काढला."

"कबुलायतीची नक्कल वाचली म्या. दोनच किल्ल्या म्हने. साहेबाले कोनी सांगतलं तं?" मग हसून, "मी नाई सांगत. आपन घरचे लोक. बोला."

"नाई."

"नाई म्हंजे?"

"नाई म्हंजे नाई."

जाताना त्यानं जोडा शांतपणे घातला, एक पाय, मग दुसरा. घाई नसलेल्या माणसासारखा. त्याचीच भीती जास्त वाटते.

व. ९

मतं झाली. अठरापैकी सतरा आले, एक आजारी. मी लिंबाखाली उभा. दिवाणजी तहसिलीच्या ओसरीत यादी घेऊन बसलेला, येणाऱ्याच्या नावापुढे टिंब. आसेगावचे पाटील पांढरा फेटा बांधून, बैलांच्या दमणीतून. बाहेर आले तेव्हा लग्नघरातल्या पोरासारखं तोंड. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पेटीला दोरा बांधून कारकुनाकडचा लाखेचा शिक्का. गाठ कुलपाच्या उजव्या अंगाला. आज पेटी तहसिलीतच, उद्या सकाळी जऊळक्याच्या ठेसनावर, तिथून गाडीनं अकोला. आज खोलीवर पहारा एका चपराशाचा. कारकून तिथंच राहतो.

एक गोष्ट आजवर कोणालाच सांगितली नाही, नायब तहसीलदारांनाही नाही. कुलपाच्या पोटात अडसरासारखा एक लोखंडी आकडा आहे. किल्ली आधी उलटी न फिरवता, सरळ जोर लावून सुलटी फिरवली, तर आकडा पडतो. मग खरी किल्लीसुद्धा चालत नाही. सांगायला हवं होतं. कारागिरानं एक तरी गोष्ट हातची ठेवावी, हा माझा ताठा.

आज त्या आकड्याला मनातून हात जोडले. पडला तर पाटील वाचतो. पडला तर मी

व. १०

सकाळीच तहसिलीत. पेटी दमणीत चढवत होते. मी पट्टी नीट बसली का पाहतो म्हणून दोन हातांवर गेलो. पट्टी नीट. लाख नीट. दोऱ्याची गाठ डाव्या अंगाला.

काल उजवीकडे होती. काल लिहिलेलं परत काढून वाचलं. उजवीकडेच.

कोणाला सांगू? गाठ डावीकडे आहे म्हणून? लोक हसतील. आणि जो हसणार नाही, तो विचारील की तू कालपासून गाठ कशाला पाहून राह्यला.

दमणी पिंपळाच्या वळणाला दिसेनाशी झाली तोवर उभा. 

व. १३

बातमी नाही. हाताला काम लागत नाही. कानस दोनदा बोटावर.

जिनाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आसेगावच्या पाटलांच्या तीन गाड्या रांगेत. पहिली आत गेली. दुसरी गेली. तिसरीपाशी फाटकवाल्यानं बैल थांबवले. चाकात काडी अडकली होती, ती काढली. तिसरीही आत.

म्हणजे त्यांना कळलं नाही. किंवा कळलं आहे, आणि निकालाची वाट पाहतात. दोन्हीपैकी काहीही असलं, तरी गाड्या आत सोडणारच.

दिवाणजी वाटेत भेटला. "रामराम मिस्तरी," म्हणाला. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. किल्लीवर फार जोर दिला की तिथंच सोलतं. किंवा दुसऱ्या कशानं सोललं असेल. माणसाच्या अंगठ्याला काहीही होतं.

मार्गशीर्ष शु. १

चपराशी बोलवायला आला. नायब तहसीलदारांच्या हातात अकोल्याचा कागद. पेटी सरकारच्या दोन्ही किल्ल्यांनी उघडत नाही. करणाऱ्यानं हत्यारांसह परवा हजर व्हावं, पेटी न फोडता उघडावी.

"असं होतं कसं, मिस्तरी?" साहेबांनी विचारलं. "कोणी जबरदस्ती केली तर होईल का?"

कारकून शेजारी टाक पुसत होता. पुसतच राहिला.

"तिथं पाहून सांगतो," मी म्हणालो.

आकडा पडला आहे. कागदं कोणी पाहिली नाहीत. तिथं मी बारीक तार घालून आकडा उचलीन, पेटी उघडेल, अकोल्यात सगळी कागदं एकत्र मोजतील, आणि पाटलांचं 'नाई' दुसऱ्यांच्या कागदांत मिसळून जाईल. इथवर ठीक.

पुढे विचारतील, किल्ली कोणी चालवली, आणि त्याच्याकडे आली कुठून. दिवाणजीचं नाव घेतलं तर नमुना काढून मेण दाखवावं लागेल. नमुना काढला तर माझी सही खोटी. नाही काढला तर दिवाणजी म्हणेल, मिस्तरीच आला होता भाव सांगत. तो आधी बोलला तर?

सौ.नं भाकर, ठेचा बांधला. "खरं सांगा आंधी," म्हणाली, "मंग भाकर खा. नाई तं पचनार नाई तुमाले." मी म्हटलं, सजा झाली तर? ती म्हणाली, "तं मी येतो भाकर घेऊन. अकोला काई काशी नाई."

नमुना फडक्यासकट कोटाच्या आतल्या खिशात. दोनदा काढून मडक्यात ठेवला, दोनदा परत घेतला. आता खिशात आहे. उद्या जऊळक्याला गाडी येईपर्यंत राहील की नाही, सांगता येत नाही.

कोणी विचारलं तर, आणि नाही विचारलं तरी, एवढं माझ्या अक्षरात असावं. कार्तिक वद्य अष्टमीला रावसाहेबांच्या दिवाणजीनं माझ्या घरात, मी केलेल्या चौरंगावर बसून, कुलपाची खोड सांगण्याबद्दल मला रक्कम देऊ केली. मी नाई म्हटलं.

रु. पाचशे. रोख, चांदीचे.