दोन वर्षांपूर्वीची प्रत

२ सप्टेंबर
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! गावभरच्या कचेऱ्यांची माहिती आमच्या सर्व्हरवर असते: जन्ममृत्यूच्या नोंदी, दवाखाने, घरपट्टी. उद्या आग लागली, पाणी शिरलं, तर हे सगळं पुन्हा कसं उभं करायचं, त्याची योजना मी आखायची. माझ्या आधी हे काम करणारे काका मार्चमध्ये वारले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, चेहरा प्रेमळ. घरी आले तर माझ्या वर्षभराच्या लेकीने, चिमणीने, माझं नवंकोरं ओळखपत्र चोखून ओलंचिंब केलं.

९ सप्टेंबर
डोकं फिरायची वेळ आलीय. बॅकअप, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत, रोज घेतात, पण तो परत चढवून कुणी कधी पाहिलेलाच नाही! चाचणी घेऊ या म्हटलं, तर साहेब म्हणतात, बॅकअप होतोय ना, मग झालं की. रोज तेच तुणतुणं. भिंतीशी बोललेलं परवडलं.

१७ सप्टेंबर
भांडून भांडून चाचणी मिळवली. ताजी प्रत रिकाम्या सर्व्हरवर चढवायची होती. साहेबांनी मध्येच माउस ओढून घेतला आणि दोन वर्षांपूर्वीची प्रत चढवली, तीही चालू सर्व्हरवर! मी ओरडेपर्यंत काम तमाम. ‘उद्या ताजी चढवू, एवढं काय त्यात’ म्हणे.

१८ सप्टेंबर
कार्डाने दार उघडेना. रोज हात करणारा रखवालदार विचारतो, कुणाकडे काम आहे बाई? साहेबांनीही ओळखलं नाही. थट्टेलाही काही सुमार असतो!
माझ्या टेबलाशी एक गृहस्थ चष्मा पुसत बसले होते. भिंतीवर फोटो नव्हता.
ते काका होते.

तीच संध्याकाळ
पाळणा नाही. दोरीवर दुपटी नाहीत. नवऱ्याला विचारलं, चिमणी कुठाय. तो हसून म्हणाला, “कुठली चिमणी?” मी त्याला गदागदा हलवलं. पोटावरचा टाक्यांचा वणही—
नाही.

१९ सप्टेंबर
काकांना फाटकाबाहेर गाठलं. सगळं सांगितलं, जुन्या प्रतीत माझी चिमणी नाही, ताजी चढवा म्हणून हात जोडले. त्यांनी हळूच विचारलं, “त्या प्रतीत मी आहे का गं?”
खोटं बोलवेना. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, घरी बायको वाट बघतेय. गेले.

२० सप्टेंबर
जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या मागच्या खिडकीतून शिरले. ताजी प्रत मिळाली. चढतेय. किती हळू चढतेय मेली!
विसरायच्या आत लिहिते. हसली की नाक चढवते. झोपेत माझा कान धरून— कुठला? उजवा? आठवत का नाही—
काका दारात आलेत. ओरडत नाहीत. डोळे भरलेत त्यांचे. म्हणतात, माफ कर पोरी.
सर्व्हरच्या वायरीला हात घातलाय— काका, ऐका, आतून रडतेय कुणीतरी, तुम्हालाही ऐकू येतंय ना— थांबा, थोडंसंच उरलं—