खंडेनवमीच्या अक्षता

प्रिय श्रुती,

दसऱ्याला नेदरलँडला, आर्नहेमला या, तिकीट काढू का, असं तू पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा गुडघ्यांवर ढकललं. फोनवर प्रतीक स्पीकर लावून शेजारी बसतो, त्याच्या देखत बोलायची माझी छाती होत नाही. म्हणून लिहायला बसले.

गेल्या खंडेनवमीला तू अंघोळीला गेलीस आणि मी तुझ्या कॉम्प्युटरची पूजा मांडली. प्रतीकचे बाबा वर्कशॉपमध्ये लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला फूल वाहायचे. तुझं तर सगळं काम त्या दोन स्क्रीनवर. मागे बघते तर वायरींवर ही धूळ! मला कुठलं बघवतंय? एक वायर उपटली, पुसलं, हळदकुंकू लावलं, ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या आणि वायर परत खोचली. नीट बसेना, तर अंगठ्याने दाबली. झेंडू मिळाला नव्हता, म्हणून तुमच्या त्या अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधली शेवंती ठेवली.

तू आलीस, हसून नमस्कार केलास, आणि पाहतेस तर दुसरा स्क्रीन काळा. त्याच दिवशी तुला साहेबांना तुझा हिशोब समजावून द्यायचा होता. तू कॉम्प्युटर बंद-चालू केलास, सेटिंग शोधलंस, स्क्रीनची बटणं दाबलीस. तो आपला 'सिग्नल नाही' म्हणत राहिला. प्रतीकने बघितलं आणि तुलाच झापलं, वायरींचा असा गुंता करून ठेवल्यावर दुसरं काय होणार म्हणून. मग नवी केबल आणायला पावसात सायकलवरून गेला. मी शिऱ्याची वाटी घेऊन दारात उभी. वायर मी काढली होती, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. भटजींचे मंत्र सुधारणारी मी, पण त्या दिवशी अळीमिळी गुपचिळी. लेक ओरडेल याची भीती, आणि तू मनात मला अडाणी म्हणशील याची त्याहून जास्त. एकाच स्क्रीनवर तू कशीबशी मीटिंग केलीस. मला डच कळत नाही, पण अडखळणारा आवाज कळतो गं.

प्रतीक आला तेव्हा मीच लावते म्हणत तू केबल घेतलीस, आणि थोड्या वेळाने स्क्रीन लागला. जुनी केबलच खराब होती, असं तू आम्हा दोघांना सांगितलंस. दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना खणात नवी केबल दिसली, पाकीटही न फोडलेली. आणि माझ्या पूजेच्या तबकात चेपलेला, कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ होता. तो तू वायर खोचायच्या भोकातून काढलास, आणि अक्षता कचऱ्यात टाकायच्या नाहीत म्हणून तबकात आणून ठेवलास. मला मात्र एका शब्दाने बोलली नाहीस. त्यानंतर तू आई म्हणून हाक मारलीस की मला मान वर करवत नव्हती. खोटं कशाला सांगू, म्हणूनच मी ठरल्याआधी परतले.

माझे गुडघे ठणठणीत आहेत, रोज पर्वती चढते. लाज पूजेची नाही वाटत, चूक कोणाच्याही हातून होते. माझ्या वाटची बोलणी तू मुकाट्याने खाल्लीस आणि मी ती खाऊ दिली, त्याची वाटते. तेव्हा आधी हे पत्र प्रतीकला मोठ्याने वाचून दाखव. तुला बोलला ते त्याने परत घेतलं, की मग माझं तिकीट काढ. यंदा खंडेनवमीची पूजा तू कर, मी हात मागे बांधून उभी राहीन.

तुझीच, सासू म्हणून कमी पडलेली,
आई