खांद्याचं तेल

कशेळे,
डिसेंबर १९८४

प्रिय चंदर,

सप्रेम जयभीम.

साजगावच्या खोलीवर तू खुशाल असशील असं मीच धरून चालते, कारण तू कळवत तर नाहीसच. कारखान्याने तुला परत घेतलं हेही मला बाजारात मालनबाईकडून कळलं. सख्ख्या बहिणीला भाजी निवडता निवडता ही बातमी मिळावी! आबा बरे आहेत. वाल अजून पेरलेला नाही. आणि तुझा तो छोटा ट्रॅक्टर अंगणात उभा आहे, मागचा नांगर जमिनीला टेकवून, जेवायला म्हणून येऊन मुक्कामालाच बसलेल्या पाहुण्यासारखा.

तू गेलास तेव्हापासून त्याचं दुखणं माझ्या गळ्यात आहे. मी शाळेची मास्तरीण, मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून ट्रॅक्टरही दुरुस्त करता येईल असं गावाला वाटतं. पुस्तक मिळवायला काय करावं लागलं ते ऐक, म्हणजे मी का वैतागले आहे ते कळेल. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक जपानी. चित्रं सुरेख, एक टोपीवाला माणूस पानोपानी हसत हसत बोल्ट पिळतो आहे, पण काय म्हणतो ते त्यालाच ठाऊक. मी पुण्याच्या एजंटला लिहिलं. त्याने इंग्रजी पुस्तक पाठवलं, पण ते थोरल्या ट्रॅक्टरचं. त्यात सीटजवळ दोन दांडे, आपल्याला एकच. दुसरा दांडा शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली, आबांनी तर गोठ्यातसुद्धा पाहिलं. पुन्हा लिहिलं तर उत्तर आलं, आपण मागितलेले पुस्तक आपणांस पाठविले आहे. मग मी असं पत्र लिहिलं की आईने वाचलं असतं तर कान धरला असता. तेव्हा कुठे खरं पुस्तक आलं. झेरॉक्स केलेलं, फिकट, आणि नेमकी हायड्रॉलिकची, म्हणजे नांगर उचलणाऱ्या भागाची, पानं उलटी शिवलेली. मधल्या सुट्टीत मी पुस्तक उलटं धरून वाचत बसते आणि चौथीची पोरं तोंड दाबून हसतात.

दरम्यान खोपोलीहून धोंडी मेकॅनिकच्या खेपा चालूच होत्या. आधी म्हणाला पंप गेला. पंप उघडला, तो ठणठणीत निघाला. मग म्हणाला व्हॉल गेला. तोही गेला नव्हता. मी पुस्तक पुढे केलं तर म्हणतो, “बाई, बुकातला ट्रॅक्टर बुकातच चालतो. ह्याला हात लागतो, हात.” मी म्हटलं, “हात लावूनच तर सगळा उघडलात, मग नांगर उचलत का नाही?” तर म्हणाला, “त्याची मर्जी.” आणि चहा मागितला.

मर्जी हा शब्द मात्र बरोबर होता. दिवाळीनंतर काय व्हायचं ते तूच पाहिलंस. सकाळी तू दांडा ओढायचास आणि नांगर तसूभर हलायचा नाही. तू चिडून इंजिन तसंच धडधडत ठेवून इकडेतिकडे फेऱ्या मारायचास. ऊन चढल्यावर आबा गंमत म्हणून सीटवर बसायचे, दांड्याला हात लावायचे, आणि नांगर आपला निमूट वर. शेजारचा जैतू कुंपणावरून ओरडलाच, “चंदर, मालक कोन त्ये बराबर वळाकतो रं ह्यो!” सगळे हसले आणि ते तुला लागलं. मग तू चारचौघांत आबांना म्हणालास, तुम्हाला पहिल्यापासून बैलच हवे होते, तुम्हीच याला काहीतरी केलंय, नाहीतर तुमची नजर लागली. आबा काय म्हणाले आठवतं? “नजरबिजर आपुन छप्पन सालीच सोडली रं.” एवढंच. तू पिशवी उचलून स्टँडवर गेलास. आबा त्या दिवशी जेवले नाहीत, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

परवा सकाळी शाळेआधी पुस्तक घेऊन अंगणात बसले. गारठा असा की बोटं वळत नव्हती. त्या उलट्या पानांत एक तक्ता आहे, एका बाजूला तक्रार, दुसऱ्या बाजूला कारण. बोट ठेवत ठेवत खाली आले आणि थांबलेच. थंड असताना उचलत नाही, गरम झाल्यावर उचलते. समोर लिहिलं होतं, तेल चुकीचे किंवा घट्ट, गाळणी पाहा. धोंडी आला तेव्हा त्याला गाळणी काढायला लावली. तिथं काय असणार, म्हणून तो कुरकुरलाच. गाळणी बाहेर आली ती थिजलेल्या तुपासारख्या थराने लिंपलेली. धोंडी ओरडला, “बाई, डालडा कोनी घातला ह्याच्यात?”

मी बोटावर घेऊन वास घेतला. चंदर, तूही ओळखला असतास. मोहट्याचं तेल. मोहाच्या बियांचं, आपल्या गोठ्याला कायम ज्याचा वास असायचा ते. नांगरट सुरू व्हायच्या आधी आबा बैलांचे खांदे त्याने चोळायचे, जुवाने सोललेली जागा मऊ पडायची, आणि हाताला उरलेलं तेल आईच्या गुडघ्यांना. थंडीत ते बाटलीत गोठून बसायचं, मग आई बाटली चुलीशी ठेवायची.

धोंडीला मी गाळणी धुवायला बसवलं. दुपारी आबांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही. म्हणाले, “चंदरनंच सांगितलंतं ना गं, ह्यो त्याचा खांदा, वजन ह्योच उचलतो, ह्याला तेल कमी पडू द्यायचं नाय. खालून तेल टिपकत व्हतं. पोरगा दिसभर रानात, त्याला कशाला सांगू? वाडीवरच्या ठकूबाईकडनं घरचं, चांगलं तेल आनलं नि घातलं. मंग थंडीनं खांदा आखडाय लागला. म्हनून आनखी घातलं.”

ट्रॅक्टर आला त्या दिवशी तू त्या दोन लोखंडी हातांवर थाप मारून आबांना हेच सांगितलं होतंस. लिफ्ट म्हटलं तर कळणार नाही म्हणून खांदा म्हणालास, आणि त्यांना तो पुरता कळला. सकाळी आखडतो, ऊन लागलं की मोकळा होतो, म्हणजे दुखणं थंडीचं, हे त्यांनी माझ्या तक्त्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. फक्त त्यांचं औषध हेच दुखणं होतं, आणि जितकं दुखेल तितकं ते औषध वाढवत होते.

तेव्हा तुझंच खरं निघालं. आबांनीच केलं. बैल गेल्यावर गोठा रिकामा झाला आणि दारात जे नवं जनावर आलं, त्याचा खांदा त्यांनी जपला. तू ज्याला वैर समजलास ते हे.

ज्याला ट्रॅक्टर विकायचं तू ठरवलंस त्या वीटभट्टीवाल्याचा निरोप आला आहे, रविवारी न्यायला येतो म्हणून. काल पाहते तर आबांनी ठकूबाईची नवी बाटली उन्हात ठेवलेली. परक्याच्या घरी जाताना खांदा मोकळा असावा, म्हणाले. चंदर, मला हे बघवत नाही, आणि त्यांना खरं सांगवतही नाही. म्हणून लिहिते आहे. शनिवारी ये. येताना कंपनीचं तेल आण, गाळणी धोंडीने धुऊन ठेवली आहे. आत जे आहे ते सगळं काढून टाक, तेवढा वेळ आबांना मी जैतूकडे बसवते. भट्टीवाल्याचं मी बघून घेते. रविवारी सकाळी, चांगला गारठा असताना, आबांना सीटवर बसव आणि दांडा त्यांच्या हातात दे. नांगर वर गेला की एवढंच सांग, खांदा बरा झाला. खालच्या तुकड्यात अजून ओल आहे, वाल होईल. ती बाटली मी शाळेच्या कपाटात लपवली आहे आणि आबा ती शोधत घरभर फिरत आहेत. तू आलास की काढून देते. चुलीशी ठेवून पातळ कर आणि त्यांच्याजवळ बस. त्यांचा उजवा खांदा हल्ली सकाळी वर जात नाही. ते तुला सांगणार नाहीत.

तुझीच,
जनाताई