एकशे तेरावी काचपट्टी

३ नोव्हेंबर

घरात माझ्याशी खरं बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले. नाइला आणि हातेम, माझीच पोरं, स्वयंपाकघरात कुजबुजतात. मी आत गेले की ऑलिव्हच्या तोडणीबद्दल बोलू लागतात. हातेमला ऑलिव्हचं झाड आणि विजेचा खांब यांतला फरक कळत नाही! "साधी गाठ आहे, उम्मी." आईला एवढंच सांगतात. आणि माझी दवाखान्याची फाइल लपवली कुठे, तर कुसकुसच्या रव्याच्या डब्यात. या घरात कुसकुस करतं कोण? मीच.

वाचली. मोठ्या आतड्याचा कर्करोग. चौतीस वर्षं स्फाक्स शहरातल्या मुलींना जीवशास्त्र शिकवलं, तेवढं कळतं. फाइल होती तशी ठेवली, वरून कुसकुस सारखा केला.

५ नोव्हेंबर

डॉ. अनीस ऑपरेशन करणार. नाइला माझ्या पाठीमागून त्यांना डोळ्यांनी खुणा करत होती — समोरच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसत होतं. मी विचारलं, "पोट उघडल्यावर गाठीला हात लावायच्या आधी आत मिठाचं पाणी फिरवून काढून घेणार ना? सुटलेल्या पेशी शोधायला?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मादाम, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या प्रयोगशाळेतल्या सिहेमनं. माझी विद्यार्थिनी. आधी पाणी, मग गाठ. क्रम चुकवू नका."

"नाही चुकवणार, मादाम," म्हणाले. अगदी वर्गातल्यासारखं!

गाठ काढता येते. पण त्या पाण्यात पेशी निघाल्या तर आजार गाठीबाहेर पडला. म्हणजे माझं उत्तर त्या पाण्यात आहे.

६ नोव्हेंबर

सिहेम आली. बदामाची वडी खाल्ली, मग रडकुंडीला आली. माझी मुलं तिच्याकडे जाऊन आली म्हणे. अहवाल काहीही येवो, खरा डॉक्टरांना द्यायचा. आईसाठी दुसरा, स्वच्छ, ते बाहेरून टाइप करून घेणार.

"सगळीच घरं असं करतात, मादाम. आणि माझ्याकडून शपथ घेतलीय. तुम्हाला तोंडानं सांगायचं नाही."

"मग सांगू नकोस. सूक्ष्मदर्शक दे. मी बघेन."

ती हसली. पंचवीस वर्षांपूर्वी कांद्याचा पापुद्रा पहिल्यांदा दिसला होता, तेव्हा अशीच हसली होती.

९ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. नखं कापली. शिकवताना सूक्ष्मदर्शकासाठी बनवलेल्या माझ्या एकशे बारा काचपट्ट्यांच्या पेटीवरची धूळ पुसली.

१८ नोव्हेंबर

घरी आले. टाके ओढतात. ज्वारीची पेज पोटात राहते आहे. शेजारणी रोज येतात आणि आपापल्या ऑपरेशनांच्या गोष्टी सांगून मला दमवतात. बरं वाटतं.

२० नोव्हेंबर

नाइलानं अहवाल आणला. "बघ ना उम्मी, पाणी एकदम स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, नुसती खबरदारी म्हणून थोडं औषध घ्यायचं."

तारीख वाचली. आठ नोव्हेंबर. ऑपरेशन झालं दहाला! हातेमनं आधीच टाइप करून ठेवलेला दिसतो. या मुलानं शाळेतही कधी वहीत तारीख नीट घातली नाही. दोघं माझ्याकडे असे बघत होते की मी म्हणाले, "अल्लाहची कृपा." नाइलानं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तिला मसाला भरलेला मासा करायला सांगितला. छान केला.

२४ नोव्हेंबर

टॅक्सीनं सिहेमकडे. तिनं काचपट्टी लावली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. शपथेची पक्की! भिंग मीच जुळवलं. मुलींना सांगत आले, जे दिसतं तेच काढा, पुस्तकातलं नको. वहीत पेन्सिलनं काढलं. सिहेमनं वाकून पाहिलं आणि चित्रावर नुसती बरोबरची खूण केली.

दोन काचपट्ट्या केल्या होत्या. एक तिच्या दप्तरी राहील. जादाची मी मागून घेतली.

घरी यंदाचं पहिलं ऑलिव्हचं तेल आलेलं. गरम पावाबरोबर खाल्लं. हिरवं, घशात झोंबणारं. "कुठे होतीस?" — नाइला. "शाळेच्या कामाला."

३ डिसेंबर

पेटी शाळेला दिली. हातेमनं उचलून नेली. पोचपावतीसाठी मुख्याध्यापिकाबाईंनी यादी त्यालाच वाचायला लावली. कांद्याचा पापुद्रा. ऑलिव्हचं पान, आडवा छेद. मधमाशीचा पंख. बेडकाचं रक्त. एकशे बारापर्यंत भराभर गेला.

"एकशे तेरा. पोटातलं पाणी, ऑपरेशनवेळी घेतलेलं. कर्करोगाच्या पेशी, एकत्र लगडलेल्या. स्त्री, वय ६८. तारीख —"

त्यानं यादी डोळ्यांजवळ नेली.

"वाच," मी म्हणाले. "तारीख बरोबर आहे."

"दहा नोव्हेंबर," तो म्हणाला.

काचपट्ट्या एकशे तेरा, पेटी एक, किल्ली एक. देणारी म्हणून मी सही केली. साक्षीदार म्हणून हातेमनं.