वारसाला नसलेले थडगे

मी, एर्सिलिया, मेंढपाळ अकिल्ले टोझी यांची विधवा, राहणार आप्पिया रस्ता, रोमच्या वेशीबाहेर, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत.

घर, कुरण व मेंढ्या मुलगा फाउस्तो यास. दूध तापवायची मोठी कढई सुनेस द्यावी. माझ्या चीजला तिने आजवर नावे ठेवली, आता स्वतः करून पाहावे.

राहिले आवारातले रोमन थडगे. कुण्या जुन्या धनवान घराण्याचे. माझ्या सासऱ्यांनी कोनाड्यांतले अस्थिकलश काढून त्यांत मीठ भरले आणि कोनाड्यांत चीज मुरायला ठेवले. युद्धात बॉम्ब पडले तेव्हा आम्ही सगळे तिथेच लपलो. फाउस्तोला आता तिथे खाणावळ काढायची आहे. "आई, थडग्यात जेवायला परदेशी लोक रांग लावतील बघ," म्हणतो.

दारावरच्या शिळेचा लेख पाद्रीबाबा डॉन कॅलिस्तो यांनी वाचून दाखवला: हे थडगे मालकाचे, त्याच्या बायकोचे, मुक्त केलेल्या दासदासींचे व त्यांच्या वंशजांचे, वारसाकडे ते जाणार नाही. फाउस्तो हसला. "मेलेल्यांचा कायदा कोण पाळतंय?" मग हा कागद तरी कुणाचा आहे?

नुन्त्सियाताला मी अनाथाश्रमातून आणली तेव्हा ती माझ्या कमरेएवढी होती. लोकांना 'मुलीसारखीच आहे' म्हणून सांगितले आणि झोपायला थडग्यात धाडली, चीजच्या राखणीला. रोज संध्याकाळी बाहेरून कडी मीच घालत आले. कोल्ह्यांसाठी, असे म्हणायचे. कोल्ह्याला अडवायला नुसते लोटलेले दारही पुरते. तिचे केस पिकले तरी कडी चालूच आहे. ती दासी नव्हती, म्हणून तिला मुक्त करायचे कुणाला सुचलेच नाही.

सबब सदर थडगे, कोनाडे व मुरते चीज यांसह, नुन्त्सियाता हिचे. त्यावर फाउस्तोचा हक्क नाही. त्याला आत जायचे झाल्यास दार ठोठावावे व ती हो म्हणेपर्यंत बाहेर थांबावे.

काल तिला हे सांगितले. बराच वेळ हात पुसत राहिली, मग म्हणाली, "पण मालकीणबाई, तुमच्यामागं कडी कोण घालणार?"

माझी मला लाज वाटली. म्हणून एवढी एक गोष्ट माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. बाहेरची कडी आजच काढून आतून बसवायची आहे.

एर्सिलिया टोझी
आप्पिया रस्ता, ९ नोव्हेंबर १९५६

साक्षीदार:
डॉन कॅलिस्तो, पाद्री
रिगेत्तो, लोहार (सही करून लगेच कामाला लागला)